स्वागताध्यक्षांचं भाषण : आधी न्याहारी, मग चर्चा



 वैद्यकाच्या परिषदेचा आमच्या वूहान गावाशी संबंध काय, असं कुणी विचारलं, तर १९३८ साली चीनच्या मदतीला आलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर इथल्या हान्कौ बंदरात आले होते, एवढं सांगितलं तरी पुरे. मला बोलायचं आहे ते न्याहारीबद्दल. चीनच्या नामांकित आठ पाकपरंपरांत आमच्या हुबेई प्रांताचं नाव नाही, हे आपण काढण्याआधी मीच काढतो. पण अशा याद्यांत मेजवानीच्या ताटाला मान असतो. धक्क्यावर वाढलेल्या गावाची पारख भल्या सकाळी रस्त्यावर करावी.

यांगत्सेला हान नदी मिळते ती इथे. पंधराव्या शतकात हाननं पात्र बदललं आणि हान्कौ वसलं. १८६१मध्ये ते परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि विटांसारखा दाबलेला चहा रशियाकडे निघाला. हमाल, नावाडी, गुदामातले कारकून यांना चूल पेटवून बसायची सवड कुठली? त्यातून बाहेर न्याहारी करण्याची ‘ग्वोझाओ’ची रीत रुजली आणि रगानम्येन हा शेवयांचा पदार्थ घडला, असं माझं म्हणणं आहे. गव्हाच्या पिठात खार घालून केलेल्या शेवया आधीच उकडायच्या, तेल चोळून पसरून गार करायच्या. गिऱ्हाईक आलं की जाळीतून उकळत्या पाण्यात बुचकळून काढायच्या. वर तिळाचं दाट वाटण, खारवलेल्या मुळ्याचे तुकडे, कांद्याची पात. लोक उभ्याउभ्या, चालताचालता खातात. ली बाओ नावाच्या फेरीवाल्याकडून शेवयांवर चुकून तेल सांडलं, अशी दंतकथा आहे. गोड आहे, पण मला पटत नाही. इथल्या भट्टीसारख्या उन्हाळ्यात उकडलेलं टिकवायचं आणि घाईच्या माणसाला चटकन वाढायचं, तर खार आणि तेल हवंच होतं. डौपी या न्याहारीच्या पदार्थाचंही तेच. मूग-तांदळाच्या धिरड्यावर अंडं, चिकट भात, मांस. एका तुकड्यात अख्खं जेवण. लाओथुंगछंग या खाणावळीत १९५८ साली माओंनी ती खाल्ली, याचं गाव कौतुक करतं; मी करतो ते तव्यापाशी उभ्या राहिलेल्या आचाऱ्यांचं.

एवढं तेल-मीठ सकाळीच? आपला आक्षेप रास्त आहे. हा आहार पोती वाहणाऱ्यांचा होता. खुर्चीत बसणाऱ्यांनी अर्धा वाडगा घ्यावा. पदार्थाला दोष देऊ नये.

यांगत्सेवरचा पहिला पूल १९५७ साली आम्ही बांधला, पण सभागृहातला उकाडा आमच्याच्यानं आवरला नाही. पंखे कमी पडले, खोल्या लांब पडल्या, क्षमा असावी. कमळकाकडीच्या सूपात डुकराच्या बरगड्या असतात, म्हणून शाकाहारी मंडळींची पंगत डावीकडे ठेवली आहे. तांदूळ, तीळतेल आणि रोख रक्कम देणाऱ्या व्यापारीबंधूंची, पहाटेपासून राबणाऱ्या आचाऱ्यांची, गाद्या देणाऱ्या शेजाऱ्यांची यादी दाराशी लावली आहे. कुणाचं नाव राहिलं असेल तर कार्यवाहांना सांगावं. अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.