तुरीला पाणी लागत नाही म्हणे!

आजचा भाग तुरीवर. बियाणं घ्यायचे दिवस आलेत आणि आमच्या घरात रोज फोनवर एकच वाद चाललाय, तूर ठेवायची की काढायची. मी पुण्यात कोड लिहितो, बीटेक कॉम्प्युटरचं. शेती लातूर जिल्ह्यात आहे, ती वडील बघतात. म्हणजे चिखलात पाय त्यांचे आणि एक्सेल शीट माझी, हे आधीच सांगून ठेवतो.

वाद समजायला सोपा आहे. आमच्याकडे खरिपात सोयाबीन, त्यात तुरीची तासं. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं. नुसतं सोयाबीन असलं तर ऑक्टोबरात रान मोकळं होतं, ओलीवर हरभरा पेरता येतो आणि एका वर्षात दोन पिकं हातात येतात. तूर मधे उभी असली की रान डिसेंबर संपेपर्यंत अडकलं. शिवाय तूर कापायला मजूर लागतात. हरभऱ्यात फुले विक्रमसारखे उंच वाण आल्यापासून त्यात हार्वेस्टर चालतो. त्यामुळे गावात अनेकांनी तुरीची तासं कमी केलीत. अप्पा मात्र म्हणतात, "तूर काढू नको. पाऊस दगा देतो तेव्हा तीच तेवढी उभी राहते. तिला काय पाणी लागतंय?"

आता हे शेवटचं वाक्य बघा. लहानपणापासून आपण सगळ्यांनी ऐकलंय ते. अर्धंच खरं आहे.

तुरीला पाणी लागतं, भरपूर लागतं. फक्त ती ते वरून मागत नाही, खालून ओढते. पहिले दीड-दोन महिने ती वर फारशी वाढत नाही. सोयाबीनच्या सावलीत गप्प उभी असते, आणि त्या काळात सोटमूळ खाली जात असतं. म्हणून तर आंतरपीक म्हणून ती चालते. दोघांची भांडणाची वेळच वेगळी. सोयाबीन काढलं की तुरीला जागा, ऊन, सगळं मिळतं आणि मग ती पसरते. पण नेमका तेव्हा पाऊस गेलेला असतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आपल्याकडे मान्सूनचा भरवसा नसतो. म्हणजे फुलं, शेंगा, दाणे भरणं, ज्याचे पैसे मिळतात तो सगळा कारभार जमिनीत साठलेल्या पाण्यावर. आमच्या भाषेत सांगायचं तर चार्जर काढून घेतलाय, आता लॅपटॉप बॅटरीवर. आणि बॅटरी किती मोठी, हे ठरतं माती किती खोल आहे त्यावरून.

आमची रानं दोन प्रकारची आहेत. ओढ्याकाठचं भारी, काळं, मीटरभर खाली गेलं तरी मातीच. आणि माळावरचं, दीड फुटावर मुरूम. अशी काळी माती मीटरभर खोलीत पिकाला वापरता येईल असं साधारण १८० मिलिमीटर पाणी धरून ठेवते असं मानू. माळावर तेच ६०-६५ मिलिमीटर. तूर रोज ३ मिलिमीटर पिते असं धरलं तर १५ ऑक्टोबरला पूर्ण भरलेली बॅटरी माळावर तीन आठवड्यांत संपते, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या आसपास. ओढ्याकाठी ती दोन महिने पुरते, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. हे कागदावरचं गणित आहे, ढोबळ आहे. मुळं मुरमातही थोडी शिरतात, पाणी कमी झालं की झाडही हात आखडतं. पण दोन रानांतला फरक त्यातून स्पष्ट दिसतो.

आता यावर वाण ठेवून बघा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे दोन वाण आमच्या भागात चालतात. बीएसएमआर ७३६ हा साधारण १८० दिवसांचा, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा. आणि बीडीएन ७११, साधारण १५०-१५५ दिवसांचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं तर ७११ ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुलात येतो आणि नोव्हेंबर लागेपर्यंत त्याचे दाणे बरेचसे भरलेले असतात. ७३६ ऑक्टोबर संपताना फुलात असतो. माळावर तेव्हा बॅटरी लाल झालेली असते. झाड वाळत नाही, हिरवंच दिसतं, आणि इथेच माणूस फसतो. रस्त्यावरून बघणारा म्हणतो, तूर जोरात आहे. आत जाऊन शेंगा सोला, दाणे बारीक. तूर मरत नाही म्हणजे ती पिकते असा अर्थ नसतो.

तिची बहुतेक फुलं एरवीही गळतातच. ओल असेल तर ती परत फुलते, दुसरा बहर घेते. पण त्यासाठी खाली पाणी पाहिजे. विहिरीला पाणी असेल तर फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक, अशा दोन पाण्यांनी माळरानावरचं चित्र बदलतं. आमच्या विहिरीचं मात्र नोव्हेंबरात काही खरं नसतं, म्हणून मी ते हिशोबात धरलेलं नाही.

थोडं भावाबद्दल, कारण तूर ठेवायची की काढायची हे गावात बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या भावावर ठरतं. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती, आठवत असेल. २०१६ ला सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही झाला. देशाचं उत्पादन साधारण २६ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेलं. बोनस धरून हमीभाव होता ५,०५० रुपये आणि बाजारात त्याच्या बराच खाली सौदा. खरेदी केंद्रांवर रांगा, बारदाना नाही. भावाला बघून पेरणारा नेहमी एक वर्ष मागे असतो. मातीची खोली दरवर्षी बदलत नाही, म्हणून मला तो आधार जास्त पटतो.

तर आम्ही सध्या आलोय ते इथपर्यंत. ओढ्याकाठच्या अर्ध्या रानात तूर नाही. सोयाबीन आणि मग जाकी ९२१८ हरभरा, कारण तिथली ओल हरभऱ्यालाही पुरते. उरलेल्या अर्ध्यात ७३६. माळावर हरभरा साधणार नाही, ऑक्टोबरात वरची ओल उडालेली असते, म्हणून तूर तिथेच ठेवायची, पण ७११.

माळाच्या एका कोपऱ्याचा निकाल लागलेला नाही. तिथे दरवर्षी मर येते. मरीची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, आणि ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी राहते हे इक्रिसॅटच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. अप्पांच्या वडिलांच्या काळात आमच्याकडे ज्वारीतच तूर असायची. सोयाबीन आलं आणि खरीप ज्वारी गेली. मी म्हटलं, त्या कोपऱ्यात यंदा ज्वारी-तूर करू, कडबाही होईल.

अप्पा म्हणाले, "करू की. सगळ्या शिवारात एकट्या आपलीच ज्वारी. पाखरं राखायला तू येणार का पुण्याहून?"

याला माझ्या शीटमध्ये अजून कॉलम नाही. तुमच्याकडे कुणी खरीप ज्वारीत तूर घेत असेल तर पाखरांचं काय करता, तेवढं कळवा. पेरणीला तीन आठवडे आहेत.