एकट्याच्या व्यवसायासाठी गवतकापणी यंत्र

अमेरिकेत हिरवळीच्या निगराणीचा व्यवसाय एकट्याने सुरू करताना यंत्राची निवड ग्राहकांच्या अंगणांवरून ठरते. लहान, कुंपणबंद परसांसाठी 21 इंची (म्हणजे तेवढ्या कापणी-रुंदीचे) ढकलयंत्र किंवा मागून चालत हाकायचे 36 इंची यंत्र योग्य असते, कारण ते अरुंद फाटकातून आत जाते. मोठ्या, मोकळ्या आवारांत जागच्या जागी वळणारे 48 ते 60 इंची ‘झीरो टर्न’ यंत्र वेळ वाचवते. 48 इंची यंत्र ताशी 5 मैल वेगाने चालल्यास हिशेबाने तासाला सुमारे 2.4 एकर कापणी होते. वळणांमुळे प्रत्यक्ष काम त्याहून कमी भरते. तीव्र उतारावर बसून चालवायचे यंत्र उलटू शकते, म्हणून तिथे ते टाळावे.

घरगुती यंत्र स्वस्त असले, तरी रोज अनेक तास राबण्यासाठी ते बनवलेले नसते. कॅलिफोर्नियात 2024 पासून नव्या यंत्रांतील लहान पेट्रोल इंजिनांवर कडक निर्बंध आहेत. तिथे बॅटरीचे यंत्र आणि चार्जिंगची सोय आधीच विचारात घ्यावी लागते.

खरेदीपूर्वी सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय जवळपास आहे का, हे तपासणे आवश्यक असते. एकमेव यंत्र बंद पडले, की कमाईही थांबते.