पांढऱ्या डागांची नीट नोंद घेऊ या



आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे : एमआरआयच्या फ्लेअर चित्रात व्हाइट मॅटरमध्ये चमकणारे पांढरे डाग. रिपोर्टात त्यांच्यासाठी ठरलेली ओळ असते, ‘वयोमानानुसार बदल’. पेशंटची मुलगी विचारते, ‘‘डॉक्टर, हे डाग कसले?’’ आपण म्हणतो, वयाचे. हे उत्तर अपुरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हाइट मॅटरला खोलवर रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब आणि अतिशय बारीक असतात. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात आणि तंतूंवरचं मायलिन झिजतं. म्हणून डाग रक्तवाहिन्यांच्या खात्यात आणि अॅमिलॉइड, टाऊ ही प्रथिनं अल्झायमरच्या खात्यात, अशी वाटणी आपण करून टाकली. खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी मात्र १९०६मध्ये ट्यूबिंगन इथे आपली प्रसिद्ध केस मांडण्याच्या कितीतरी आधी, रक्तवाहिन्या कडक झाल्याने होणाऱ्या मेंदूच्या झिजेचा बारकाईने अभ्यास केला होता.

या वाटणीला खरा धक्का दिला तो ‘डायन’ अभ्यासाने. अल्झायमरचं जनुकीय उत्परिवर्तन वारशाने आलेल्या कुटुंबांचा हा अभ्यास. माणसं तुलनेने तरुण, रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका कमी. तरीही २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लक्षणं अपेक्षित असण्याच्या सुमारे सहा वर्षं आधीच त्यांच्या मेंदूत डाग वाढलेले होते, आणि मेंदूच्या मागच्या भागात ही वाढ त्याहूनही आधी दिसत होती. कारण काय? अॅमिलॉइड धमन्यांच्या भिंतींतही साचतं, हे एक. दुसरं असं, की टाऊमुळे वरच्या थरातल्या पेशी मेल्या की त्यांचे तंतू आतपर्यंत झिजत जातात. मृत्यूनंतर तपासलेल्या अल्झायमरग्रस्त मेंदूंमध्ये मागच्या भागातल्या डागांचा संबंध टाऊशी आढळला आहे. म्हणजे डाग पुढे आहेत की मागे, यालाही अर्थ आहे. एकट्या डागांवरून निदान करता येत नाही, हे मात्र विसरू नये.

उलट दिशेचा, म्हणजे रक्तवाहिन्यांकडून डिमेन्शियाकडे जाणारा, पुरावाही आहे. अमेरिकेतल्या नन्सच्या अभ्यासात मेंदूत अल्झायमरचे बदल असलेल्यांपैकी ज्यांना खोल भागात छोटे इन्फार्क्ट होते, त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आणि २०१९च्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीने दाखवलं, की वरचा रक्तदाब १२०च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं तर १४०च्या उद्दिष्टापेक्षा डाग कमी वाढतात, सौम्य बोधक्षीणताही कमी होते. डिमेन्शियातली घट सांख्यिकीय कसोटीला उतरली नाही. पण चाचणी मुदतीआधीच थांबवली होती, हेही लक्षात घ्यावं. अल्झायमरच्या २०२४च्या सुधारित निकषांत बायोमार्करच्या यादीत रक्तवाहिन्यांच्या इजेलाही जागा मिळाली आहे.

भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाने ग्रस्त असल्याचा अंदाज आहे. अॅमिलॉइड पेट स्कॅन त्यातल्या फार थोड्यांना परवडेल. रक्तातल्या पी-टाऊ २१७ची चाचणी आता हाताशी येते आहे, एमआरआय तालुक्याजवळ पोचला आहे आणि बीपीचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात आहे. माझी रेडिओलॉजिस्ट मित्रांना आग्रहाची विनंती आहे : ‘वयोमानानुसार’ लिहून थांबू नका. डागांची फाझेकास श्रेणी लिहा, डाग कुठे आहेत ते लिहा, सूक्ष्म रक्तस्राव मोजा. आणि आम्ही फिजिशियन मंडळींनी त्याच कागदावर त्या दिवशीचा रक्तदाब नोंदवायचा.