आमची हरणी आणि शेजारचं करडू

आम्ही दोघी जावा शहादा तालुक्यातून बोलतोय. आज आमच्या कुत्रीबद्दल सांगणार आहोत. तिचं नाव हरणी, जात कारवान.

कारवान म्हणजे लांब तोंडाची, उंच पायांची, पोट आत गेलेली शिकारी कुत्री. लातूर, सोलापूर, सांगलीकडे ही जात जुनी आहे. अंगावर लांब मऊ केस असले की तिला पश्मी म्हणतात. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, म्हणून तिकडे तिला मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने तिचं तिकीटही काढलं होतं.

धाकटीचे यजमान कामानिमित्त लातूरकडे जातात. त्यांनी दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. आणायची हौस पुरुषांची, सांभाळणं आपल्याकडे, हे तुम्हाला सांगायला नको.

पहिला त्रास झाला तो लोकांच्या बोलण्याचा. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय गं, उपाशी ठेवता का हिला?" आम्हीही घाबरलो. भाकरी, दूध, अंडी, जास्तच घालत गेलो. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, हिची ठेवणच अशी आहे. शेवटच्या दोन-चार फासळ्या थोड्या दिसल्या, कंबर बारीक असली तरी ती धडधाकट आहे. उगाच लठ्ठ केलीत तर पायांवर भार येईल."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हरणी दहा महिन्यांची झाली. घरात इतकी शांत, की दिवसभर पोत्यावर झोपून राहायची. पोरांनी कान ओढले तरी गुरगुरायची नाही. आम्ही निर्धास्त झालो. एका संध्याकाळी तिला मोकळीच बांधावर नेली. शेजारच्या आक्कांचं करडू उड्या मारत पळालं आणि हरणी सुटली. आम्ही ओरडलो, हाका मारल्या. तिने मान वळवून पाहिलंही नाही. आम्ही पोहोचेपर्यंत करडू गेलं होतं.

आक्का एकट्या राहतात. तीन बकऱ्यांवर त्यांचं घर चालतं. आम्ही पैसे दिले, त्यांनी घेतले, पण महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "कुत्री परत पाठवा." त्यांचं काही चुकत नव्हतं.

पाठवण्याआधी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं, की बहुतेक कुत्री वासावर चालतात, ही डोळ्यावर चालते. लांबवर काहीतरी पळताना दिसलं, की ती मागे धावते. शेकडो वर्षं माणसानेच तिला त्यासाठी वाढवलं आहे. त्या क्षणी हाक तिच्या कानात शिरत नाही. हा राग नाही की खोडी नाही. मारून ते जाणार नाही, आणि लाडानेही जाणार नाही. आपण जपायचं.

मग आम्ही घर बदललं. अंगणाला माणसाच्या उंचीची जाळी बसवली. तिची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा सरकून निघतो. म्हणून रुंद पट्टा आणि छातीवरून घ्यायचा पट्टा, असे दोन्ही घेतले. लांब दोरीने खुंट्याला बांधणं बंद केलं, कारण जोरात धावून दोरी संपली की मानेला हिसका बसतो. जेवण दिल्यावर तासभर तरी पळू देत नाही. तिच्या अंगावर चरबी नाही, त्यामुळे सातपुड्याकडचा गार वारा सुटला की ती कुडकुडते. तिला जुन्या गोधडीची झूल शिवली, झोपायलाही जाड अंथरूण दिलं, नाहीतर कोपरं सोलतात. रेबीजची लस दरवर्षी न चुकता देतो. आणि नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगितलं, की ही कारवान आहे. अशा सडपातळ कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल जास्त वेळ राहतो.

तरी एक प्रश्न उरला होता. बांधून ठेवली तर ती झुरणार, सोडली तर कुणाचं तरी करडू जाणार. त्याचं उत्तर आक्कांनीच दिलं. एक दिवस कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या बकऱ्या सात वाजता सुटतात. त्याच्या आधी पळवा तिला. कापूस निघालेलं माझं वावर रिकामं आहे, चारी बाजूंनी कुंपण आहे." आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता रोज उजाडताना आम्ही हरणीला त्या वावरात सोडतो. चार-पाच फेऱ्या वाऱ्यासारख्या मारते, मग आपणहून येऊन पायाशी बसते. सातच्या आत आम्ही घरी. दिवसभर पुन्हा पोत्यावर झोप.

गावातली पोरं अधूनमधून विचारतात, "काकू, हरणीला सशाच्या मागे सोडू द्या ना." आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे. आणि एकदा तिला तोंडाला रक्त लागू दिलं, तर आक्कांसमोर आम्ही कुठल्या तोंडाने उभ्या राहणार?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी म्हणालं, "कारवान आणतो, फार देखणी असते," तर आधी तीन गोष्टी विचारा. अंगणाला कुंपण आहे का? रोज पळवायला बंदिस्त जागा आहे का? आणि शेजारी कुणाकुणाच्या बकऱ्या, कोंबड्या आहेत? उत्तरं मिळाली तर खुशाल आणा. इतकं मायाळू जनावर दुसरं नाही. नाही मिळाली, तर नको म्हणा. नको म्हणणं हीसुद्धा त्या जनावरावर दयाच आहे.