जन्माचा मक्ता

(मोडनिंब, तालुका माढा, जिल्हा सोलापूर येथे नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बांधवाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज येथे जमलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांच्या दीक्षेला अजून वर्षही लोटलेले नाही. दीक्षेनंतर तुमच्या मुलांना शाळेत, कचेरीत आणि बाजारात दोन प्रश्न वारंवार ऐकावे लागतात, असे तुमच्याच बोलण्यातून मला समजले. पहिला प्रश्न असा की, आता जात कुठे राहिली आहे? आणि दुसरा असा की, तुम्हाला सवलती मिळतात, मग आम्हाला काय मिळते? हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच तोंडून येतात. जात उरली नाही असे सांगणाऱ्याच्याच ध्यानात समोरच्या मुलाची जात पक्की असते, ही त्यातील मौज आहे. तथापि दुसरा प्रश्न टाळण्यासारखा नाही. "आम्हाला काय मिळते?" या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने मी आज बोलणार आहे.

ज्याला हा प्रश्न पडतो तो मनुष्य खोटे बोलत असतो असे नाही. आपल्याला काही मिळाले आहे हे त्याला खरोखरच दिसत नाही. मक्त्याचा स्वभावच असा आहे. पायात काटा नसणे ही गोष्ट चालणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. काटा मात्र ज्याच्या पायात असतो त्याला तो पावलागणिक आठवतो.

हा अनुभव केवळ आपल्या देशातला नाही. अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. त्याच्या आठच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून जोतीरावांनी दोन देशांतल्या बेड्या एकाच लोखंडाच्या आहेत हे ओळखले होते. पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळ्या लोकांचे थोर पुढारी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांच्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली. डु बॉइस यांनी त्या पत्राला सहानुभूतीने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईतील आपल्या तरुणांनी स्वतःच्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले, तेही अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या 'ब्लॅक पँथर' या संघटनेवरूनच.

गुलामगिरी गेली म्हणून विषमता गेली काय? नाही. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवण्याचा कायदा उचलून धरला. शाळांतील असे विभाजन त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरविण्यास १९५४ साल उजाडावे लागले आणि नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला. परंतु मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते वर्णाचा उल्लेखही नसलेल्या एका कायद्याकडे. १९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण मिळावे, घर व शेतीसाठी कर्ज मिळावे, म्हणून अमेरिकेत एक कायदा झाला. त्यात गोरा आणि काळा असा भेद कोठेही लिहिलेला नव्हता. पण कर्ज देणारी बँक गोऱ्यांची, शिफारस करणारी कचेरी गोऱ्यांची. परिणामी मिसिसिपी राज्यात १९४७ साली या योजनेखाली दिल्या गेलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला अवघी दोन आली. गोऱ्या सैनिकाने घर बांधले, मुलाला शिकवले, नातवाला मिळकत ठेवली. आज तो नातू म्हणतो की, मी कोणाचा छळ केला नाही आणि मला सरकारने फुकट काही दिले नाही. त्याचे पहिले म्हणणे खरे असेल. दुसरे मात्र खरे नाही. ज्याला आज श्वेतवर्णीयांचा विशेषाधिकार म्हणतात तो हाच होय.

बंधूंनो, आता अमेरिका सोडून आपण आपल्या माढा तालुक्यात येऊ.

गावगाड्यात पाटलाला वतन होते, कुलकर्ण्याला वतन होते आणि महारालाही वतन होते. वतन हा शब्द एकच, पण फळे निराळी. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाबरोबर मान आणि दप्तर येई. महाराच्या वतनाबरोबर रात्रंदिवसाची राबणूक, सरकारी टपाल पोचवणे, मेलेले जनावर ओढणे आणि दारोदार भाकरी मागणे येई. १८७४ च्या वतन कायद्याने या बेडीवर सरकारी शिक्का मारला. ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, परंतु ती तुटली १९५८ च्या कायद्याने. कुलकर्णी वतने त्याआधी १९५० साली आणि मुलकी पाटलांची पदे १९६२ साली रद्द झाली. कागदावर सर्व समान झाले. पण वतन जाताना कोणाच्या हाती काय उरले? एकाच्या हाती काळीभोर जमीन, लिहिता-वाचता येण्याची तीन पिढ्यांची सवय आणि मामलेदार कचेरीतील ओळख उरली. दुसऱ्याच्या हाती अनेक भावांत वाटलेला माळाचा तुकडा उरला, आणि तोही सरकारात रक्कम भरून नवीन शर्तीवर परत घ्यावा लागला. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तो विकण्याचीही मुभा नव्हती.

त्यानंतर आपल्या तालुक्यात उजनीचे धरण आले. १९६९ साली काम सुरू झाले आणि १९८० साली ते पुरे झाले. भीमेचे पाणी कालव्यात आले, दुष्काळी मुलुखात ऊस उभा राहिला, कारखाने निघाले. धरणाच्या कोणत्याही कागदावर जात लिहिलेली नाही. पाणी सर्वांचे, असेच सरकार म्हणाले. पण पाणी मिळते जमिनीला, आणि जमीन मिळाली होती जन्माने! ज्याला जमीन त्याला पाणी, ज्याला पाणी त्याला ऊस, ज्याला ऊस त्याला कारखान्याचा भाग आणि ज्याला भाग त्याला मत. ज्याला जमीन नाही त्याला कोयता. मिसिसिपीचे कर्ज आणि उजनीचे पाणी यांत तत्त्वतः अंतर किती आहे, हे तुम्हीच ठरवा. धरण वाईट होते असे मी म्हणत नाही. त्या धरणात आपली गावे आणि रान गमावलेल्या सर्व जातींच्या लोकांचे दुःखही मी विसरत नाही. मी एवढेच म्हणतो की, विषमतेच्या रानात समान कायदा सोडला तर त्याचे पाणी उताराकडेच वाहते.

ज्यांना जमीन नाही आणि जे स्वतः गरीब आहेत असे सवर्ण बांधवही आहेत. ते विचारतात, आमच्याजवळ कसला मक्ता? या प्रश्नाचे उत्तर डु बॉइस यांनी १९३५ साली अमेरिकेच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात दिले आहे. गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी थोडी मिळे, पण तिच्या जोडीला मानाची एक मजुरी मिळे, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला रस्त्यात वाट मिळे, बागेत प्रवेश मिळे आणि शिपाई त्याच्याशी आदराने बोले. या मानाच्या मजुरीपायी तो काळ्या मजुराशी एकी करीत नसे आणि दोघांचाही मालक सुखाने झोपत असे. आपल्याकडे याहून बिकट अवस्था आहे. तेथे रेघ एकच होती, येथे शिडी आहे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीकडे पाहून समाधान मानण्याची सोय या शिडीने करून ठेवली आहे. यालाच बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले.

पायरीवरून पंढरपूर आठवते. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी मोडनिंबवरून पंढरपूरला जात असे. तिकिटाचा दर जात पाहून ठरत नसे. पण गाडीतून एकत्र उतरलेल्या माणसांपैकी काहींना देवळात वाट होती आणि काहींना चोखोबाच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेर थांबावे लागे. तो चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत कोसळून मेला. गावाच्या रक्षणाची भिंत बांधणाऱ्याला देवळाच्या भिंतीआत जागा नव्हती. साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार उघडले. आपण आज त्या दाराकडे पाठ फिरवून बुद्धाच्या मार्गाला लागलो आहोत. पण जे दार उपोषणाने उघडावे लागते ते दुसऱ्या कोणाला जन्मतःच उघडे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. "आम्हाला काय मिळते?" याचे उत्तर तेथेच मिळते. त्यांना उघडे दार मिळाले होते.

काळ्या माणसाची ओळख कातडीवर असते. आपली नसते. म्हणून आपल्याकडे आडनाव विचारतात. त्याने समजले नाही तर गाव आणि मग वस्ती विचारतात. हा प्रश्न समुद्र ओलांडूनही गेला आहे. अमेरिकेतील संगणक कंपन्यांत भारतीयच भारतीयाची जात पाहतात, अशा तक्रारी तेथील न्यायालयापर्यंत गेल्या. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यात एका ब्राह्मण कुटुंबात झालेला आहे. जन्माने मिळालेला मक्ता मोडण्यासाठी वापरता येतो, हे त्यांनी दाखविले. म्हणून आपले भांडण कोणा माणसाशी नाही, मक्त्याशी आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेले अशाच आशयाचे विधेयक तेथील राज्यपालांनी नाकारले. म्हणजे तेथेही लढा संपलेला नाही.

आता वकील या नात्याने कायद्याविषयी थोडे सांगतो. राखीव जागा म्हणजे गुणवत्तेचा बळी, असे तुमच्या मुलांना ऐकवले जाते. २० जानेवारी २०२२ रोजी वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीचा समाचार घेतला. परीक्षेतील गुण ही एकट्याची कमाई नसते. घरची परिस्थिती, शाळा, शिकवणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी यांचा त्यात वाटा असतो. म्हणून राखीव जागा गुणवत्तेच्या विरोधी नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. मुलांना हा निकाल समजावून सांगा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातवार कामे घटनाबाह्य ठरवली. स्वयंपाक एका जातीने करावा आणि झाडू दुसरीने मारावा, असे काही राज्यांच्या नियमांत २०२४ सालापर्यंत लिहिलेले होते! जात कुठे राहिली, असे विचारणाऱ्याला हा निकाल दाखवा.

तुमच्यापैकी अनेकांना भीती वाटते की, धर्म बदलल्याने मुलांचे हक्क जातील. ही भीती निराधार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले होते. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही आले. तेव्हा ज्यांची मूळ जात अनुसूचित यादीत आहे, त्यांचा हक्क दीक्षेने बुडत नाही. पण हक्काला कागद लागतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद किंवा जमिनीचा उतारा आजच शोधून ठेवा. प्रवेशाच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका.

दुसरी गोष्ट जनगणनेची. १९३१ नंतर या देशाच्या जनगणनेत सर्व जातींची मोजणी झालेली नाही. २०२७ च्या जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. धर्म विचारतील तेथे निर्भयपणे बौद्ध सांगा. जात विचारतील तेथे यादीत असलेली आपली जात सांगा. धर्माचे उत्तर आपल्या श्रद्धेचे आहे आणि जातीचे उत्तर आपल्यावरील अन्यायाच्या पुराव्याचे आहे. पुरावा लपविल्याने फायदा आरोपीचाच होतो. या मोजणीत केवळ आपण मोजले जाणार नाही, मक्तेदारही मोजले जातील.

शेवटी एक कटू गोष्ट बोलतो. मक्ता फक्त दुसऱ्यांच्या घरात असतो असे समजू नका. ज्यांच्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली ती कुटुंबे आज शिकलेली आहेत, नोकरीत आहेत. जी मातंग, भटक्या-विमुक्त किंवा अन्य समाजांतील कुटुंबे काल धम्मात आली, त्यांना विहारात मागच्या रांगेत बसवले आणि सोयरिकीच्या वेळी त्यांची पोटजात विचारली, तर शिडी मोडली असे कसे म्हणावे? तेव्हा शिडी आपण फक्त विहारात आणून ठेवली असे होईल. मुलाला शिकवणी आणि मुलीला चूल हाही जन्माचाच मक्ता आहे, आणि तो देणारे आपणच आहोत.

म्हणून जुन्या बौद्ध कुटुंबांना माझी विनंती आहे. आपला पुरावा शोधून झाला की नव्या कुटुंबाचा शोधायला त्याच्याबरोबर कचेरीत जा. आपल्या मुलाची शिकवणी लावाल तेव्हा शेजारच्या नव्या घरातील मुलीलाही तेथे बसवा. सोयरीक ठरवताना शिक्षण विचारा, स्वभाव विचारा, पण वाडा विचारू नका. नव्या कुटुंबांना माझे सांगणे असे की, तुम्ही कोणाच्या मेहेरबानीने येथे आलेला नाहीत. तुमच्याबद्दल जो पायरी विचारील त्याला सांगा की, आम्ही शिडी सोडून आलो आहोत, तुम्हीही उतरा.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम!