अंगावर उलटणारा इलाज

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीच्या कोळसाखाणीत उमेदीची वर्षे घालविलेल्या एखाद्या कामगाराचे सांधे संधिवाताने जखडले, नेहमीच्या गोळ्यांनी आराम पडेना, आणि अखेर नागपूरच्या तज्ज्ञाने त्याला अडालिमुमॅबची सुई सुरू केली, असे घटकाभर धरून चालू. 2014 च्या अखेरीस अहमदाबादच्या कंपनीने ही सुई देशातच बनवावयास घेतल्यापासून हा इलाज अगदीच अप्राप्य राहिलेला नाही. काही महिन्यांत त्याची मूठ मिटू लागते; आणि नेमक्या त्याच सुमारास तळहातांवर व तळपायांवर पिवळसर पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठतात, त्या वाळून तपकिरी डाग पडतात, डोक्यात खपल्या धरतात. हा सोरायसिस, आणि जी सुई सोरायसिसवरही दिली जाते तिनेच तो उपजवावा, हा विलक्षण विपर्यास होय.

या सुया शरीरातील टीएनएफ नामक दाहकारक द्रव्य बांधून टाकतात. परंतु तेच द्रव्य इंटरफेरॉन या दुसऱ्या द्रव्यावर अंमलही गाजवीत असते. तो अंमल उठताच इंटरफेरॉन त्वचेत मोकाट सुटते, असे संशोधकांचे अनुमान आहे. थोड्याच रुग्णांना हा त्रास होतो, आणि पुष्कळदा मलमावर भागून सुई चालू ठेवता येते. न भागल्यास निराळ्या जातीचे औषध योजावे लागते.

आपल्या मुलखात मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही. माजरीपासून जवळच, वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले आनंदवन आहे, आणि चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून कुष्ठरोग अद्याप हटलेला नाही. कुष्ठजंतूंना कोंडून धरण्याच्या कामीही टीएनएफ खपत असते. अमेरिकेतील संधिवाताच्या दोन रुग्णांना याच वर्गातील इन्फ्लिक्सिमॅब घेत असता कुष्ठरोग जडला, आणि औषध थांबविल्यावर चट्टे उलट अधिकच भडकले, असे वृत्त 2006 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सुई देणे जोखमीचे, तसे ती एकाएकी तोडणेही.

म्हणून सुई घेणाऱ्याच्या अंगावर नवा चट्टा दिसला, तर आपल्याच मनाने खाडा करू नये; सुईची चिठ्ठी बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे; आणि कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो, म्हणून चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो की नाही, हे तपासून घ्यावे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.