अजिंक्यास आव्हान

कुंडलिका नदी जेथें सागरास मिळते, तेथें रेवदंडा हें गांव वसलें आहे. त्या नदीमुखांत इ. स. १५०८ च्या मार्च महिन्यांत एक मोठें नाविक युद्ध झालें. पोर्तुगीजांचें आरमार त्या काळीं या समुद्रावर अजिंक्य मानलें जाई. इजिप्तचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनीं तें येथें गांठलें. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा या लढाईंत पडला. परंतु पुढच्याच वर्षीं, १५०९ च्या फेब्रुवारींत, दीव येथें पोर्तुगीजांनीं या पराभवाचें पुरेपूर उट्टें काढलें. आणि रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत त्यांच्या हातीं राहिला. अजिंक्यास एकदां हरविणें निराळें, आणि त्याचें आसन हिरावून घेणें निराळें.

हाच अनुभव पांच शतकांनंतर मुंबईच्या एका उद्योगसंस्थेस आला. मात्र समुद्रावर नव्हे, तर मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींत. २०११ सालीं ‘महिंद्र’ या संस्थेनें १२५ घनसेंटिमीटरच्या वर्गांत आपलीं यंत्रें उतरविलीं. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत उतरलेली ही पहिली भारतीय संस्था होय. २०१२ सालीं नियम बदलले आणि ‘मोटो-३’ हा नवा वर्ग आला. त्यांत एकाच सिलिंडरचें, २५० घनसेंटिमीटरचें इंजिन असे. या वर्गांतील पहिलीं दोन अजिंक्यपदें ऑस्ट्रियाच्या के. टी. एम. यंत्रावर बसणाऱ्यांनीं, व पुढचीं दोन जपानच्या होंडावर बसणाऱ्यांनीं पटकाविलीं. नवख्यानें आव्हान द्यावयाचें तें अशा दोघांना!

या छोट्या यंत्रांच्या शर्यतींत एक मौज असते. पुढच्या गाडीच्या पाठीशीं हवेचा विरोध कमी होतो. मागचा स्वार त्या आडोशास चिकटून राहतो आणि ऐन वेळीं बाहेर पडून पुढें झेपावतो. म्हणून दहा-दहा गाड्या एका घोळक्यांत धांवत असतात. यंत्र किंचित् उणें असलें, तरी कुशल स्वार वळणावर ती उणीव भरून काढूं शकतो. पण लांब सरळ रस्त्यावर तें उणेपण उघडें पडतें.

महिंद्रचें नवें यंत्र २०१२ सालीं असेंच मागें पडलें. संस्थेनें धीर सोडला नाहीं. स्वित्झर्लंडच्या सूटर या कारागीर संस्थेचें साहाय्य घेऊन दुसरें यंत्र सिद्ध केलें, आणि २०१३ सालीं मिगेल ऑलिव्हेरा हा पोर्तुगीज तरुण मलेशियांत पहिल्या तिघांत आला. २०१४ सालीं जर्मनींत दुसरा क्रमांक मिळविणारा दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बिंडर याच यंत्रावर बसला होता. पुढें तो के. टी. एम. कडे गेला, आणि २०१६ सालचा अजिंक्यवीर ठरला तो हाच बिंडर! त्या वर्षीं स्पेनमधील हेरेथ येथें तो सर्वांच्या मागून निघून पहिला आला. चार शर्यती शिल्लक असतांनाच त्यानें अजिंक्यपद निश्चित केलें.

याच वर्षीं २६ जून रोजीं हॉलंडमधील आसेन येथें फ्रान्सेस्को बान्याया या इटालियन तरुणानें महिंद्र यंत्रावर शर्यत जिंकली. जागतिक स्पर्धेंत भारतीय यंत्राचा तो पहिलाच विजय होता. ऑक्टोबरांत मलेशियांतही तोच जिंकला. तरी वर्षाअखेर त्याचा क्रमांक चौथा लागला. एका दिवसाचा विजय आणि वर्षभराचें सातत्य यांत असें अंतर असतें.

येथें एक प्रश्न विचारलाच पाहिजे. स्वार परदेशचा, कार्यशाळा इटलींतील बेसोझ्झो गांवची. मग या यशांत आपलें तें काय? द्रव्य आपलें, नांव आपलें, पराभव सोसण्याची चिकाटीही आपली. परंतु यंत्र घडवितां घडवितां हाताला जें वळण लागतें, तें ज्याचे हात कामाला लागतात त्याच्याच घरीं राहतें. २०१७ अखेर संस्थेनें या शर्यती सोडल्या, तेव्हां अनुभवाचा मोठा वांटा तिकडेच उरला. बान्यायानें पुढें २०२२ व २०२३ सालीं सर्वोच्च वर्गाचें अजिंक्यपद मिळविलें, तें डुकाटी या इटालियन यंत्रावर.

तरीही ही सात वर्षें व्यर्थ गेलीं असें म्हणतां येणार नाहीं. बलाढ्यांना हरवितां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें जो कोणी महाराष्ट्रांतून असें आव्हान देण्यास निघेल, त्यानें दोन गोष्टी मनाशीं पक्क्या कराव्या: कार्यशाळा आपल्या भूमीवर असावी, आणि पहिल्या विजयानंतर शर्यत सोडूं नये, कारण अजिंक्याचें आसन खरोखर डळमळूं लागतें, तें त्यानंतरच.